स्थानबद्ध तरंग

वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठी आणलेल्या कोऱ्या पारदर्शिकांची एक पेटी माझ्या कपाटात वर्षानुवर्षे पडून होती. गेल्या दिवाळीत पदार्थविज्ञान शिकणाऱ्या माझ्या नातीने ती उघडली, पन्नास पारदर्शिकांची चळत केली आणि खिडकीसमोर धरली. एकटी पारदर्शिका काचेसारखी स्वच्छ. चळतीतून मात्र उजेड जेमतेम येत होता. “आजोबा, बाकीचा उजेड गेला कुठे?” तिने विचारले. “शोषला गेला,” मी तत्परतेने निदान केले. तिने मला खिडकीकडे पाठ करून बसवले आणि चळत माझ्यासमोर धरली. तीत खिडकी आरशात दिसावी तशी दिसत होती.

प्रकाश नष्ट झाला नव्हता, परत फिरला होता. उभे आयुष्य निदान करण्यात घालवलेल्या माणसाची ही चूक मनाला लागली. ती समजून घेताना जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

एका पारदर्शिकेचे दोन्ही पृष्ठभाग मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परतवतात. ९२ टक्के पलीकडे जातो. प्रकाश म्हणजे केवळ सरळ जाणारे किरण असे मानले, तर परतलेले काही किरण पुन्हा उलटून पुढे येतात. हा हिशेब सर जॉर्ज स्टोक्स यांनी १८६२ मध्ये मांडला होता. त्यानुसार ५० पारदर्शिकांतून सुमारे १९ टक्के आणि १०० मधून १० टक्के प्रकाश बाहेर यावयास हवा. परंतु प्रकाश हा तरंग आहे. मायकेल बेरी व सुझान क्लाइन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की, तरंगांचे परस्पर व्यतिकरण विचारात घेतल्यास प्रत्येक पारदर्शिकेगणिक ०.९२ ने गुणावे लागते. मग ५० मधून दीड टक्का उरतो आणि १०० मधून एक टक्क्याचा चाळिसावा भागही उरत नाही.

याचे कारण चळतीतील अव्यवस्थेत आहे. पारदर्शिकांमधील फटी सारख्या नसतात. त्या तंतोतंत सारख्या असत्या, तर काही रंगांचे तरंग विनाअडथळा पार गेले असते. स्फटिकात अणूंची रचना नियमित असते, म्हणून इलेक्ट्रॉनचा तरंग तीतून दूरवर जाऊ शकतो. रचना विस्कळीत झाली, तर तो नुसता रेंगाळत नाही, एका जागी अडकून पडतो, असे फिलिप अँडरसन यांनी १९५८ मध्ये प्रतिपादिले. १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. या घटनेस ‘स्थानबद्धता’ म्हणता येईल. येथे भिंत नाही, कुलूप नाही. असंख्य क्षुल्लक अनियमितताच तरंगाला नजरकैदेत ठेवतात.

मितींचा प्रश्न येथे कळीचा आहे. एखाद्या वाटेने फिरून मूळ ठिकाणी येणारा तरंग आणि त्याच वाटेने उलट दिशेने येणारा तरंग एकाच कलेत भेटतात व एकमेकांना बळ देतात. त्यामुळे परतण्याची शक्यता वाढते. वाट चुकलेला प्रवासी सरळ रेषेवर किंवा सपाट मैदानावर भटकत राहिला, तर केव्हा ना केव्हा मूळ स्थानी परततोच. तीन मितींत मात्र तशी खात्री नसते, हे जॉर्ज पोल्या यांचे १९२१ चे गणित या संदर्भात उद्बोधक आहे. अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्डेलो आणि भारतीय शास्त्रज्ञ टी. व्ही. रामकृष्णन यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष काढला की, एक व दोन मितींत अल्पशी अव्यवस्थाही, लांबी पुरेशी असल्यास, सामान्यतः तरंगाला अडकवते. तीन मितींत त्यासाठी अव्यवस्थेने एक मर्यादा ओलांडावी लागते. २००८ मध्ये फ्रान्स व इटलीतील प्रयोगशाळांत अतिशीत अणूंचे तरंग एका मितीत असे स्थानबद्ध झालेले प्रत्यक्ष पाहण्यात आले.

आम्हा डॉक्टरांना येथे एक मोह आवरावयास हवा. हृदयातील किंवा मज्जातंतूतील संवेग अडला की अँडरसनचे नाव घेणे चुकीचे ठरेल. तो संवेग पावलोपावली नवी ऊर्जा मिळवत जातो आणि समोरून दुसरा आल्यास दोघेही विझतात; तेथे असे व्यतिकरण घडत नाही. आपल्या ऊतींतही प्रकाश पुष्कळ विखुरतो, पण ऊती त्रिमितीय आहेत आणि तेथील अव्यवस्था ती मर्यादा गाठत नाही. म्हणून तो स्थानबद्ध न होता पसरतो, आणि विजेरीवर ठेवलेले बोट लाल उजळते.

२०२० च्या महासाथीत घरोघरी पोचलेला ऑक्सिमीटर याच पसरलेल्या प्रकाशावर चालतो. बोटापलीकडे कमी प्रकाश पोचला, एवढ्यावरून रक्ताने किती शोषला हे ठरत नाही. विखुरल्यामुळेही तो कमी होतो. म्हणून हे उपकरण ६६० व ९४० नॅनोमीटरच्या आसपासच्या दोन तरंगलांबींवर, नाडीबरोबर बदलणारा भागच वेगळा काढून त्यांचे गुणोत्तर घेते. जी खबरदारी त्या चिमुकल्या यंत्रात घातलेली आहे, तीच मी त्या दिवशी विसरलो होतो. पलीकडे काय पोचले एवढेच पाहिले. अलीकडे काय परतले, हे पाहिलेच नाही.

ती चळत आता माझ्या टेबलावर असते. एखाद्या तपासणीचा निष्कर्ष फारच सरळ वाटू लागला की तिच्याकडे एकदा पाहतो, आणि लेखणी उचलण्यापूर्वी रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारतो.