कालवडींच्या गव्हाणीला गायीचं माप नको

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका पशुपालकाने दुभत्या गायींसाठी मुक्त संचार गोठा उभारला. उरलेल्या पाईपांतून शेजारीच कालवडींचा कप्पाही करून घेतला, त्याच मापाने. गव्हाणीवरच्या उभ्या पाईपांमधलं अंतर मोठ्या गायीच्या मानेला जुळणारं होतं. त्या फटीतून लहान वासरं सरळ गव्हाणीत शिरली आणि चाऱ्यावरच शेण पडू लागलं. म्हणून मध्ये एकेक पाईप वाढवला, तर वर्षाच्या कालवडीने मान तिरकी करून डोकं आत घातलं आणि बाहेर काढताना शिंगं अडकली. वेल्डर येऊन पाईप कापेपर्यंत ती धडपडत राहिली. जीव वाचला, खांदा मात्र सोलवटून निघाला.

"गायीचं माप कालवडीले चालत नाही, हे मले आधी कोनी सांगतलंच नाही," असं तो आता भेटेल त्याला सांगतो.

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. आपल्याकडे गोठा बांधताना सगळा विचार दूध देणाऱ्या जनावराचा होतो. 2021 पासूनच्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत सहा जनावरांपर्यंतच्या गोठ्याला 7.7 मीटर लांबीची गव्हाण धरली आहे. लांबी पुरेशी आहे. पण एकाच उंचीच्या गव्हाणीवर गाय आणि वासरू दोघांनाही नीट खाता येत नाही. मोठ्या जनावराला 60 ते 75 सेंटिमीटर जागा लागते, वासराला 40 ते 50. गव्हाणीची आतली भिंत गायीसाठी 50 सेंटिमीटर चालते, वासरासाठी 20 पुरे. भिंत उंच झाली की वासरू छाती दाबून, टाचा उंचावून खातं आणि पोट भरण्याआधीच मागे हटतं.

उंचीइतकाच महत्त्वाचा गव्हाणीवरच्या पाईपांचा कठडा. तो कुठला निवडावा? सगळ्यात साधा म्हणजे मानेच्या वर एकच आडवा पाईप. यात डोकं अडकण्याची भीती जवळजवळ नाही, शिंगवाल्या देशी जनावरांनाही तो सोयीचा. मात्र तो वयाप्रमाणे वर सरकवता आला पाहिजे. अमेरिकेत होल्स्टीन कालवडींसाठी सहा ते आठ महिन्यांच्या वयात हा पाईप साधारण 70 सेंटिमीटरवर, तर दीड वर्षानंतर 105 सेंटिमीटरच्या आसपास बसवतात. आपली देशी कालवड त्याहून ठेंगणी, म्हणून ते आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. खांबांना थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडून नट-बोल्टने पाईप बसवला की काम झालं. तो जनावर उभं राहतं त्या जागेच्या वर न ठेवता थोडा गव्हाणीकडे सरकवावा. मानेवरचे केस झडले किंवा घट्टा पडला, तर पाईप खाली आहे असं खुशाल समजा.

तिरप्या पाईपांच्या कठड्याचा फायदा वेगळा आहे. डोकं बाहेर काढायला मान वळवावी लागते, त्यामुळे जनावर तोंडातला घास घेऊन सारखं मागे सरत नाही. 2003 साली मिशिगनमध्ये मांसासाठी पाळलेल्या गायींवर झालेल्या अभ्यासात चारापात्राच्या रचनेप्रमाणे वाळल्या गवताची नासाडी बदलली: एका प्रकारच्या चारापात्रात साडेतीन टक्के, दुसऱ्यात साडेचौदा. सोयाबीनचं कुटार, तुरीचं कुटार, कडब्याची कुट्टी यांवर वर्ष काढणाऱ्या वाशीमच्या शेतकऱ्याला हा फरक उन्हाळ्यात जाणवतो. पायाखाली तुडवलेलं कुटार जनावर पुन्हा तोंडात घेत नाही.

मान अडकवून धरणारे हेडलॉक महाग पडतात. लसीकरण, कृत्रिम रेतन, गाभण तपासणी यांसाठी मात्र ते मोठी सोय आहेत. 2022 च्या लम्पीच्या साथीत मोकळी जनावरं पकडताना किती हाल होतात, ते अनेकांनी पाहिलं आहे. पण लहान वासरांच्या कप्प्यात हेडलॉक बसवूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभरात माप बदलतं आणि खर्च पाण्यात जातो.

आणखी एक. तीन महिन्यांचं वासरू आणि सव्वा वर्षाची कालवड एकाच गव्हाणीवर सोडली, तर कठडा कितीही चांगला असो, धाकटं उपाशी राहतं. निदान दोन कप्पे कराच.

पाईप आणायला जाण्याआधी आपल्या कालवडींची खांद्यापर्यंतची उंची आणि मानेची रुंदी टेपने मोजा. कागदावर आराखडा काढून तो तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवा आणि मगच वेल्डरला बोलवा.