भावाचा आजार आणि तुझं लग्न

अगं, परवा फोनवर तू अडखळत जे विचारलंस, त्याचं नीट उत्तर द्यायला हे लिहितेय. दादाला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि व्रण. तेव्हापासून घरात दोनच गोष्टी चालल्यात: हे आपल्या रक्तातच आहे का, आणि तुझ्या स्थळांना सांगायचं की नाही. फैजपूर, सावदा, यावल या आपल्या पट्ट्यात सोयरिकी ओळखीच्या घरांतच होतात. एका घरातलं दुखणं चार घरांत कळतं, म्हणून ते झाकायची घाई होते. तू या घाईत सापडू नकोस.

आधी रक्ताचं. हो, या आजाराचा कल घराण्यातून येतो. सख्ख्या भावंडाला धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण बहुतेक भावंडांना हा आजार कधीच होत नाही. २००१ साली ‘नॉड-टू’ या जनुकाचा संबंध या आजाराच्या भावंडाशी, म्हणजे क्रोन आजाराशी, सापडला. जिवाणूंची चाहूल शरीराला लागते ती अशा जनुकांमुळे. पुढे दोनशेहून जास्त जनुकीय जागा सापडल्या, पण एकेकीचा वाटा अगदी थोडा. युरोपात धोक्याचे ठरलेले नॉड-टूमधले बदल तर आपल्या लोकांत क्वचितच दिसतात. म्हणून दिल्ली विद्यापीठ आणि लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी उत्तर भारतातल्या रुग्णांचा वेगळा अभ्यास केला. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात काही नव्या जागा हाती लागल्या. तेव्हा हजारो रुपये मोजून घरबसल्या जनुकांची चाचणी मागवू नकोस. तुला हा आजार होईल की नाही, हे ती सांगू शकत नाही.

नुसत्या जनुकांवर सगळं ठरत असतं, तर एकसारख्या जुळ्या भावंडांना आजारही बरोबरच झाला असता. तसं होत नाही. एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस असला तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण शंभरात विसांपेक्षाही कमी आढळलंय. आपल्या टिश्यूकल्चरच्या केळीचं बघ ना: रोपं एकाच वाणाची, तरी एका मळ्यात करपा येतो आणि दुसरा मळा सुटतो. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या दक्षिण आशियाई लोकांतही हा आजार तिथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसला होता. म्हणजे कल आपल्यात आहे, पण आजार उभा राहायला राहणीमान, खाणंपिणं, आतड्यातले जिवाणू असं बरंच काही जुळून यावं लागतं.

म्हणून कुणी ‘हे तिच्या माहेराकडून आलं’ म्हणालं, तर आईला खाली मान घालू देऊ नकोस. मुलाची अर्धी जनुकं आईची, अर्धी वडिलांची. आणि ठेचा किंवा शेवभाजी खाल्ल्याने दादाला हे झालं, असंही नाही. आजार उसळलेला असताना तिखट सोसत नाही, तेव्हा टाळायचं, एवढंच.

जनुकाची एक तपासणी मात्र खरंच कामाची आहे. दादाला अ‍ॅझाथायोप्रिन सुरू करायचं ठरलं, तर ‘एनयूडीटी-१५’ची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचार. त्या जनुकात ठरावीक बदल असला, तर या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटू शकतात. आपल्या लोकांत हा बदल युरोपियनांपेक्षा जास्त आढळतो.

स्वतःकडेही लक्ष ठेव. शौचातून रक्त किंवा आव पडणं, आठवडेच्या आठवडे जुलाब, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, वजन उतरणं, यातलं काही झालं तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नकोस. पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि भावाचा आजार पहिल्याच भेटीत सांग. ते शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी करतील. आपल्याकडे आतड्याचा क्षयही क्रोनसारखाच दिसतो, त्यामुळे पक्कं निदान होण्याआधी कुणाच्या सांगण्यावरून औषध घेऊ नकोस.

आता स्थळांचं. बोलणं पक्कं होऊ लागलं की साखरपुड्याआधी तूच सांग: भावाला हा आजार आहे, तो औषधांवर आहे, मला काही त्रास नाही. उद्या तुला झालाच, तरी आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बाळंतपणं नीट होतात. आई-वडिलांपैकी एकालाच हा आजार असेल, तर शंभरातल्या नव्वदाहून अधिक मुलांना तो होत नाही. एवढं ऐकूनही जे मागे सरतील, त्यांच्या घरात तुझं पहिलं आजारपणही तुला लपवावंच लागलं असतं. तसं घर आपल्याला नकोच. आईला हे सांगायचा धीर होत नसेल तर मला बोलाव, मी येऊन बसते तिच्यापाशी.