शहर बदललं, टीम तीच: फुटबॉलच्या मॅच बघायला खर्च किती?

पिट्सबर्गला एमएस केलं, तिथे स्टीलर्सचं वेड लागलं आणि नोकरी मिळाली डॅलसला. अमेरिकेतल्या मराठी घरांत ही गोष्ट नवी नाही. डॅलसमध्ये रविवारी टीव्ही लावला की काउबॉईज हमखास दिसतात, स्टीलर्स दिसतीलच असं नाही. त्यांच्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. पण पॅकेजचा दर बघण्याआधी एक आकडा काढायला हवा: आपल्या टीमच्या किती मॅच आपल्या शहरात खरोखर दिसणार नाहीत?

आधी मॅच मोजा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमध्ये 32 टीम आहेत आणि प्रत्येक टीम 18 आठवड्यांत 17 मॅच खेळते. रविवार दुपारच्या बहुतेक मॅच सीबीएस आणि फॉक्सवर असतात, पण प्रत्येक भागात वेगळी मॅच लागते. अडचण फक्त याच मॅचची आहे. गुरुवारी रात्रीची मॅच प्राइम व्हिडिओवर, रविवारी रात्रीची एनबीसीवर आणि सोमवारी रात्रीची ईएसपीएनवर देशभर दिसते. त्यासाठी खास पॅकेज लागत नाही.

वेळापत्रक मे महिन्यात येतं. ते समोर ठेवून रात्रीच्या मॅच वजा करा. दुपारच्या ज्या मॅच आपल्या शहरातही लागण्याची शक्यता आहे, म्हणजे मोठ्या लढती आणि स्थानिक टीमविरुद्धचा सामना, त्याही वजा करा. समजा, 17 पैकी 5 रात्रीच्या निघाल्या आणि 3 डॅलसच्या चॅनलवर लागणार आहेत. उरल्या 9. पुढचा सगळा हिशेब या 9 मॅचचा.

पर्याय पहिला: संडे तिकीट

रविवार दुपारच्या बाहेरगावच्या सगळ्या मॅच घरबसल्या थेट दाखवणारं हे एकमेव पॅकेज. 1994 पासून ते डायरेक्टीव्हीकडे होतं, 2023 पासून यूट्यूबकडे आहे. 2025 च्या सीझनमध्ये ते नुसतं घेतलं तर 480 डॉलर पडत होते. यूट्यूब टीव्हीच्या जुन्या ग्राहकांना 378 आणि नव्या ग्राहकांना 276 डॉलर दर होता.

स्वस्त दर बघून घाई करू नका. यूट्यूब टीव्हीची वर्गणी 2025 मध्ये महिन्याला 82.99 डॉलर होती. सप्टेंबर ते जानेवारी या पाच महिन्यांचे 415 डॉलर झाले. नव्या ग्राहकाचे 276 त्यात मिळवले की एकूण 691. तेव्हा ज्यांच्याकडे यूट्यूब टीव्ही आधीपासून आहे, त्यांनी 378 धरून हिशेब करावा: मॅचमागे 42 डॉलर. ज्यांना यूट्यूब टीव्हीच्या बाकी चॅनलची गरज नाही, त्यांनी 480 चं नुसतं तिकीट घ्यावं: मॅचमागे साधारण 53 डॉलर.

नुसतं तिकीट घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जी मॅच तुमच्या स्थानिक चॅनलवर लागते, ती संडे तिकिटावर दिसत नाही. म्हणजे ज्या रविवारी डॅलसचं सीबीएस स्टीलर्सची मॅच दाखवेल, नेमक्या त्याच रविवारी तिकिटावर ती मिळणार नाही. त्यासाठी घरात अँटेना हवा. रात्रीच्या मॅच आणि प्लेऑफही या तिकिटात येत नाहीत.

विद्यार्थ्यांना दर बराच कमी असतो. घरात कॉलेजला जाणारं कुणी असेल, तर आधी ती चौकशी करा.

पर्याय दुसरा: एनएफएल प्लस प्रीमियम

2025 मध्ये महिन्याला 14.99 डॉलर. बाहेरगावची मॅच यावर थेट दिसत नाही, पण संपल्यावर पूर्ण बघता येते. शिवाय प्रत्येक मॅचची कॉमेंट्री थेट ऐकता येते. पाच महिन्यांचे 75 डॉलर, म्हणजे मॅचमागे 8 डॉलर 33 सेंट.

रविवारी दुपारी मुलांची मराठी शाळा, मंडळाचा कार्यक्रम, किराणा हे सगळं असतंच. संध्याकाळपर्यंत फोन बाजूला ठेवायची तयारी असेल, तर अशा घराला हा पर्याय सर्वांत परवडतो. सगळ्या मॅचमधले गुणांचे क्षण दाखवणाऱ्या रेडझोन चॅनलसाठी हे घेणार असाल, तर तो टीव्हीवर दिसेल की फक्त फोनवर, ते पैसे भरण्याआधी बघा.

पर्याय तिसरा: अँटेना आणि स्पोर्ट्स बार

अँटेना 20 ते 40 डॉलरला एकदाच घ्यायचा. सीबीएस, फॉक्स, एनबीसी, एबीसी फुकट दिसतात. शहरात कुठली मॅच लागणार याचे नकाशे 506 स्पोर्ट्स ही वेबसाइट आठवड्याच्या मध्यावर देते. उरलेल्या मॅच स्पोर्ट्स बारमध्ये बघायच्या. दोघांचं खाणं, पेय आणि टिप मिळून 40 डॉलर धरले, तर 9 मॅचचे 360 होतात, म्हणजे संडे तिकिटाच्या जवळपास. तीन-चार महत्त्वाच्या मॅचपुरताच बार ठेवला, तर हाच पर्याय फायद्याचा.

डिसेंबरात भारतात जाणार असाल तर

संडे तिकीट अमेरिकेबाहेर चालत नाही. परदेशात एनएफएलचा गेम पास डॅझोनवर मिळतो आणि त्यात बाहेरगाव हा प्रकारच नसतो. डिसेंबरात न्यूयॉर्कच्या दुपारी एकची मॅच पुण्यात रात्री साडेअकराला सुरू होते.

एकाच टीमचा पास का नाही?

बास्केटबॉल आणि बेसबॉलच्या चाहत्यांना एकाच टीमचं पॅकेज घेता येतं. फुटबॉलच्या चाहत्याला 9 मॅचसाठी सगळ्या लीगचे पैसे भरावे लागतात. हा अन्याय आहे आणि तो कोर्टातही गेला. संडे तिकिटाच्या खटल्यात ईएसपीएनचा एक प्रस्ताव उघड झाला: सीझनला 70 डॉलर आणि एकाच टीमची सोय. जून 2024 मध्ये ज्युरीने ग्राहकांच्या बाजूने सुमारे 4.7 अब्ज डॉलरची भरपाई ठरवली, ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी तो निकाल रद्द केला. ग्राहकांनी त्यावर अपील केलं.

निर्णय कसा घ्यावा?

• न दिसणाऱ्या मॅच पाचच्या आत असतील: अँटेना आणि अधूनमधून बार.
• त्याहून जास्त, पण उशिरा बघणं चालत असेल: एनएफएल प्लस प्रीमियम.
• दर रविवारी थेटच हवी असेल आणि घरात तिघे-चौघे बघणारे असतील: संडे तिकीट, सीझनआधीच्या सवलतीत.

वर दिलेल्या दरांत कर धरलेला नाही आणि दर दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाचा आकडा घालून भागाकार पुन्हा करा. वर्गणी आपोआप पुढे चालू राहते. ती थांबवायची तारीख पैसे भरतानाच कॅलेंडरवर लिहून ठेवा.