शहराच्या वेशीवरील गावे : वाढीचा अंदाज आणि त्याची चिन्हे

महानगराची वाढ चहूबाजूंना सारखी होत नाही. एका दिशेला दहा वर्षांत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहतात, तर तितक्याच अंतरावरील दुसरे गाव पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे राहते. कोणता भाग वाढेल आणि कोठे लोक आवडीने राहावयास जातील, हे आधी सांगता येईल काय, हा प्रश्न केवळ जमीन खरेदी करणाऱ्यांचा नाही. शाळेची जागा, पाण्याची योजना व रस्त्याची रुंदी ठरविणाऱ्यांपुढे तो अधिक निकडीने उभा असतो. अंदाज चुकला तर व्यापाऱ्याचे पैसे अडकतात. ग्रामपंचायतीला मात्र पुढे जागाच मिळत नाही.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ होमर हॉइट यांनी १९३९ मध्ये तेथील संघीय गृहनिर्माण प्रशासनासाठी या विषयाचा अभ्यास केला. अधिक भाड्याची वस्ती शहराच्या मध्यापासून एखाद्या पट्ट्याने बाहेर सरकत जाते. वेगवान वाहतुकीचा मार्ग, पुरापासून सुरक्षित अशी उंच जमीन आणि आधीच असलेला बाजार यांकडे तिचा ओढा असतो, असे त्यांना आढळले. ही निरीक्षणे आजही उपयोगी आहेत. परंतु त्याच प्रशासनाने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या मानून तेथील घरकर्जांना हमी नाकारली आणि त्या वस्त्या भाकिताप्रमाणेच खालावल्या. घरांबाबतच्या अशा भेदभावाला कायद्याने मनाई झाली ती १९६८ मध्ये. अंदाज बांधणाऱ्याच्या हाती पैसा किंवा परवाना असला, म्हणजे त्याचा अंदाज हा निम्मा आदेशच ठरतो.

मुंबईच्या परिसरात अंतर मैलांत मोजण्यापेक्षा मिनिटांत मोजणे अधिक योग्य. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली आणि १८६७ मध्ये विरारपासून मुंबईपर्यंत स्थानिक गाडी सुरू झाली. तथापि उपनगरांना खरी गती आली ती विजेच्या गाड्यांमुळे. हार्बर मार्गावर १९२५ मध्ये आणि बोरिवलीपर्यंत १९२८ मध्ये त्या धावू लागल्या. स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावरील जमिनी आधी भरल्या, मधल्या मोकळ्या जागा नंतर.

या बाबतीत वाशीचे उदाहरण विशेष बोलके आहे. शिरीष पटेल, चार्ल्स कोरिया व प्रविणा मेहता यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि १९७३ मध्ये ठाणे खाडीवरील पूल वाहतुकीस खुला झाला. आखीव रस्ते होते, भूखंड होते, घरेही बांधली गेली. तरी दीर्घकाळ अपेक्षेइतकी वस्ती होईना. शासनाची मुख्य कार्यालये मुंबईतच राहिली होती आणि नोकरीला जाणाऱ्यास बसशिवाय पर्याय नव्हता. १९८० च्या दशकापासून घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तेथे आले आणि मे १९९२ मध्ये मानखुर्दहून रेल्वे वाशीला पोहोचली. या मार्गाचा सुमारे दोनतृतीयांश खर्च सिडकोने उचलला होता. त्यानंतरचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महानगरपालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर गेली होती. पूल आणि रेल्वे यांच्यामधील एकोणीस वर्षे हा अंदाज बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा कालावधी आहे. दिशा अचूक होती, वेळ चुकली होती.

त्या काळाची दुसरी बाजू जमीनधारकांची. आपल्या शेताचे पुढे काय मोल होणार हे शासनाला दिसत होते, शेतकऱ्याला मोबदला मात्र शेतीच्याच हिशेबाने देऊ केला जात होता. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना त्यानंतर आली. वाढीच्या लाभात गावाचा वाटा आधीच ठरला असता तर हा प्रसंग टळण्याची शक्यता होती.

वाढ होणे आणि वस्ती हवीहवीशी होणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. वसई-विरार पट्ट्यात रेल्वे होती, घरे मुंबईच्या मानाने स्वस्त होती, म्हणून माणसे आली. नळाचे पाणी मात्र मागाहून आले आणि टँकर ही तेथील नित्याची बाब झाली. चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली ती २००९ मध्ये. दोनच वर्षांनी जनगणनेत १२ लाख लोकसंख्या नोंदली गेली. नवी मुंबईने मोरबे धरण स्वतःच्या ताब्यात घेतले, हा फरक घराच्या किमतीत उमटतो. दादर-माटुंग्याला शतकानंतरही मागणी आहे. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने तेथे रस्ते व गटारे आधी आखली आणि भूखंड नंतर दिले, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

वाढीची पहिली चिन्हे नकाशापेक्षा तलाठ्याच्या दप्तरात लवकर दिसतात. फेरफारांत परगावची नावे वाढू लागतात, एकेका-दोनदोन गुंठ्यांचे व्यवहार होतात, अकृषिक परवानगीचे अर्ज येतात. शिक्षकांच्या लक्षात येते की, वर्षाच्या मध्येच शाळा सोडल्याचे दाखले घेऊन नवी मुले दाखल होत आहेत. फाट्यावर सहा आसनी रिक्षा उभ्या राहू लागतात. उन्हाळ्यात विहिरीवर पहिला टँकर भरला जातो. या टप्प्यावर शाळा, दवाखाना, स्मशानभूमी व सांडपाणी यांसाठी जागा राखणे शक्य असते. गुंठेवारी पसरल्यावर ते जवळजवळ अशक्य होते. ओढ्यानाल्यांच्या मूळ हद्दीही याच वेळी मोजून घ्याव्या लागतात, कारण बुजविलेला ओढा पहिल्याच मोठ्या पावसात आपली वाट शोधतो.

मात्र आराखड्यावर आरक्षणाचा रंग भरल्याने काम संपत नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि विहित मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. म्हणून आरक्षणांच्या यादीपुढे प्रत्येक जागेच्या संपादनाचे वर्ष आणि त्यासाठी लागणाऱ्या निधीची तरतूद हे दोन रकाने असणे आवश्यक आहे.