तनोटच्या वाटेवर साधी गाडी चालेल का?

प्रश्न : डिसेंबरअखेर पुण्याहून आमच्या हॅचबॅकने जैसलमेर, तनोट, लोंगेवाला करायचं आहे. सोबत सत्तरीची आई आहे. काय तयारी करू?

उत्तर : गाडी चालेल. जैसलमेर ते तनोट हे साधारण १२० किलोमीटर डांबरी रस्त्याने जाता येतं. गाड्या अडकतात त्या रस्ता सोडल्यावर. फोटोसाठी गाडी वाळूत उतरवली की पुढची चाकं रुततात आणि माणूस घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो. तिथेच खेळ संपतो, कारण फिरतं चाक स्वतःचाच खड्डा खणतं. इंजिन बंद करा, पुढच्या चाकांसमोरची वाळू हाताने उपसा, टायरमधली हवा वीस पीएसआयच्या आसपास आणा, चाकांखाली पायपुसणी सारा आणि अगदी हळू निघा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायला लागते, म्हणून बारा व्होल्टचा पंप आणि छोटं फावडं डिकीत हवंच.

टाकी जैसलमेरलाच फुल करा. रामगडच्या पुढे पंपाच्या भरवशावर राहू नका. मोबाईलची रेंजही बेभरवशाची, तेव्हा नकाशे आधीच डाउनलोड करा. सॅटेलाइट फोन मात्र नेऊ नका; परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे.

दुपारी स्वेटर नकोसा होतो, रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. आईंसाठी कानटोपी, जाड मोजे आणि थर्मासमध्ये गरम पाणी हाताशी ठेवा. परतताना सूर्यास्ताआधी जैसलमेर गाठाच. अंधारात रस्त्यात उभा असलेला उंट हेडलाइटमध्ये फार उशिरा दिसतो, आणि धडक बसली तर त्याचं धड थेट काचेवर येतं.