चेंडू बॅटमधून आरपार कसा गेला?



अशी कल्पना करा. तुमचा मोठा भाऊ सोलापूरच्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून संगणक अभियंता झाला आणि गेली चार वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तो बँकेच्या हिशेबाच्या आज्ञावल्या लिहितो. (आज्ञावली म्हणजे संगणकाने काय करायचे आणि कोणत्या क्रमाने करायचे, याच्या लेखी सूचना.) दिवाळीला घरी आल्यावर तो जाहीर करतो, "मी आता गेम तयार करण्याच्या कामात जाणार." बाबा हातातला पेपर खाली ठेवतात. आई विचारते, "अरे, आता करतोस तेही संगणकाचेच काम ना? मग चांगली नोकरी कशाला सोडायची?"

आईचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. दोन्हीकडे संगणक तोच, पुष्कळदा भाषाही तीच. मग फरक कोठे आहे? तो समजून घ्यायला दूर जायला नको. आपल्या गावातला चादरीचा माग पाहिला तरी पुरे.

बँकेची आज्ञावली ही खिडकीशी बसलेल्या कारकुनासारखी असते. कोणी येऊन खात्यात किती शिल्लक आहे ते विचारले की ती उत्तर देते आणि पुन्हा वाट पाहत बसते. उत्तर अर्धा सेकंद उशिरा आले तर कोणी तक्रार करत नाही. हिशेब मात्र पैशापैशाला जुळला पाहिजे.

आता अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला यंत्रमाग आठवा. ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खालीच राहतात. मधल्या वाटेने धोटा आडवा धागा घेऊन पळतो, फणी तो धागा ठोकून बसवते, आणि लगेच दुसरी फेरी सुरू! कोणते धागे उचलायचे हे जकार्डच्या भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठरवतात. (चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी याच पट्ट्यांची युक्ती योजली होती, पण ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.) धागे उचलायला उशीर झाला तर धोटा काही वाट पाहत नाही. तो धाग्यांत अडकतो आणि ताणा तुटतो.

गेमची आज्ञावली या मागासारखी चालते. खेळाडूने कोणते बटन दाबले ते पाहायचे, मैदानावरची प्रत्येक वस्तू थोडी पुढे सरकवायची, कोण कोणाला धडकले ते तपासायचे, चित्र काढायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. माग सेकंदाला एक-दोन फेऱ्या करतो, तर येथे बहुधा ६० फेऱ्या कराव्या लागतात. १ सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद. त्याला ६० ने भागा. एका फेरीला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात! भावाची बँकेची आज्ञावली स्मृतीतला केरकचरा काढण्यासाठी मधूनच ५० मिलिसेकंद थांबली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. गेममध्ये तेवढ्या वेळात तीन चित्रे हुकतात आणि खेळाडूला हिसका जाणवतो.

आता क्रिकेटच्या गेमकडे वळू. गोलंदाजाने ताशी १४४ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. म्हणजे सेकंदाला ४० मीटर. ४० ला ६० ने भागले की एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत चेंडू किती सरकला ते कळते: सुमारे ६७ सेंटिमीटर. क्रिकेटच्या नियमाप्रमाणे बॅटची जाडी फार तर ६७ मिलिमीटर असू शकते. बरोबर एक दशांश! एका चित्रात चेंडू बॅटच्या अलीकडे आहे, पुढच्या चित्रात पलीकडे. बॅटला लागलेला असा तो एकाही चित्रात नाही. चेंडू हा बिंदू मानला तर दहापैकी नऊ वेळा तो बॅटमधून आरपार जाईल आणि फटका अचूक मारूनही फलंदाज त्रिफळाबाद! भावाच्या आज्ञावलीत व्याकरणाची एकही चूक नसेल, तरी गेम खोटा ठरेल.

उपाय तुमच्या भूमितीच्या पुस्तकात आहे. चेंडूची जुनी जागा आणि नवी जागा जोडणारा रेषाखंड काढा आणि तो बॅटला छेदतो का ते पाहा. छेदत असेल तर चेंडू लागला. "निर्देशक भूमिती शिकून पुढे उपयोग काय?" असे विचारणाऱ्या मित्राला हे जरूर सांगा.

तेव्हा भावाने काय करावे? माझे मत विचाराल तर, राजीनामा आज देऊ नये. संध्याकाळी बसून एक लहानसा गेम पुरा करावा. अर्धवट पाच गेमपेक्षा तो मोलाचा. तयार 'इंजिने' मिळतात. गोडो तर फुकट मिळते. पण पहिला चेंडू हाताने लिहून उडवावा, म्हणजे इंजिनाच्या पोटात काय चालते ते कळते. या धंद्यात प्रमाणपत्रापेक्षा चालता गेम पाहतात. पगारात एखादी पायरी खाली उतरावे लागेल, आणि हाती घेतलेला गेम अर्ध्यावर बंदही पडू शकतो, हे त्याने घरी स्पष्ट सांगितलेले बरे. बाबांची काळजी अगदीच निराधार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने 'राजी' हा गेम २०२० साली बाहेर काढला. त्यापूर्वी २०१७ साली त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणी मागून पाहिली होती आणि ती पुरी पडली नव्हती.

भावाची चार वर्षे मात्र वाया जाणार नाहीत. अनेकांनी मिळून खेळायच्या गेममध्ये खेळाडूंची खाती आणि गुणांच्या नोंदी दूरच्या संगणकावर ठेवाव्या लागतात. ते काम बँकेतल्या कामाच्या जवळचे आहे. तेथून आत शिरून हळूहळू चेंडूपर्यंत येता येईल.

तुम्ही आत्ता वही-पेन्सिल घ्या. चेंडू उंचावरून सोडला आहे. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० माना. दर ०.१ सेकंदाला वेगात १ मिळवा आणि त्या नव्या वेगाला ०.१ ने गुणून चेंडू तेवढा खाली सरकवा. अशा दहा ओळी झाल्या की १ सेकंद पुरा होतो आणि चेंडू ५.५ मीटर खाली येतो. पण विज्ञानाच्या पुस्तकातल्या सूत्राने उत्तर ५ मीटर येते! आता सेकंदाचे दहाऐवजी ६० भाग करा. साठ ओळी लिहायची गरज नाही. १ ते ६० ची बेरीज १८३० होते, तिला १० ने गुणून ३६०० ने भागा. किती आले, आणि चूक किती उरली?