पेटंट कार्यालयांचे परस्परसहकार्य आणि आयुर्वेदीय योग

अन्न व औषध प्रशासनाकडून 'आयुर्वेदीय प्रोप्रायटरी औषध' म्हणून परवाना मिळाला की त्या योगाचे पेटंटच मिळाले, असा समज आपल्या काही औषधनिर्मात्या बंधूंमध्ये आजही आढळतो. वस्तुतः परवाना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये मिळतो आणि पेटंट १९७० च्या पेटंट कायद्यान्वये. 'जागतिक पेटंट' अशीही काही वस्तू नाही. ज्या देशात संरक्षण हवे, त्या देशाच्या पेटंट कार्यालयात अर्जाचे स्वतंत्र परीक्षण होते.

एकाच शोधाचा अर्ज पाच देशांत केल्यास पाच परीक्षक तेच पूर्वप्रकाशित साहित्य पुन्हा पुन्हा चाळतात. अर्ज साचत जातात व निर्णयास वर्षे लागतात. ही द्विरुक्ती टाळण्यासाठी जपान व अमेरिका यांच्या कार्यालयांनी जुलै २००६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर 'पेटंट प्रॉसिक्युशन हायवे' ही व्यवस्था सुरू केली आणि २००८ मध्ये ती कायम केली. पुढे २०१४ मध्ये अनेक देशांची सामायिक व्यवस्था अस्तित्वात आली. तिचे स्वरूप साधे आहे. पहिल्या कार्यालयाने अर्जातील किमान एक दावा मान्य केला असेल आणि दुसऱ्या कार्यालयातील दावे त्याच्याशी जुळणारे असतील, तर दुसरे कार्यालय तो अर्ज रांगेबाहेर घेऊन तपासते व पहिल्याचे शोधकार्य उपयोगात आणते. दुसऱ्या वैद्याकडील रुग्णपत्रिका घेऊन रुग्ण आला तर आपण ती वाचतो, आपला वेळ वाचतो. तरी नाडी आपणच पाहतो. येथेही दुसऱ्या कार्यालयावर पहिल्याचा निर्णय बंधनकारक नसतो.

भारताने अशी व्यवस्था ५ डिसेंबर २०१९ पासून जपानबरोबर प्रायोगिक तत्त्वावर स्वीकारली. तिच्या मूळ अटी लक्षात घेण्यासारख्या आहेत. वर्षाला शंभर अर्जांची मर्यादा होती. जपानने सर्व क्षेत्रांतील अर्ज स्वीकारावयाचे होते. भारतीय कार्यालयाने मात्र विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, भौतिकी, स्थापत्य, यांत्रिकी, वस्त्रोद्योग, वाहने व धातुशास्त्र एवढीच क्षेत्रे खुली ठेवली. औषधे त्यातून वगळली गेली. आमच्या मते हे योग्यच झाले. त्याचे कारण समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत व्रणरोपणासाठी हरिद्रेच्या वापराचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. संस्कृत, उर्दू, हिंदी अशा भाषांतील संदर्भ व १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवले, तेव्हा १९९७ मध्ये ते रद्द झाले. निंबाच्या बुरशीनाशक वापरावरील युरोपीय पेटंटाचा निकाल लागण्यास २००५ साल उजाडले. दोन्ही ठिकाणी परीक्षकाचा हेतू वाईट होता असे म्हणवत नाही. आपले ज्ञान त्याच्या शोधकक्षेतच नव्हते. एका कार्यालयाचा शोध दुसऱ्याने आधारास घ्यावयाचा ठरला, की पहिल्या शोधातील उणीवही त्याच्याबरोबर पुढे जाते.

ही उणीव भरून काढण्यासाठी २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. संहिता व संग्रहग्रंथांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश व जपानी भाषांत, पेटंट वर्गीकरणाच्या चौकटीत बसवून ठेवले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये युरोपीय, त्याच वर्षी अमेरिकी व २०११ मध्ये जपानी कार्यालयाशी वापराचे करार झाले. कार्यालयांचे हे सहकार्य आपल्या दृष्टीने हायवेपेक्षा अधिक मोलाचे होय. मात्र हा संग्रह प्रकाशित ग्रंथांवर उभा आहे. गुरुपरंपरेने चालत आलेला, कोठेही न छापलेला अनुभूत योग त्यात सापडणार नाही.

आता आपल्या स्वतःच्या अर्जांविषयी. येथे एक विलक्षण पेच आहे. प्रोप्रायटरी परवान्यासाठी योगातील प्रत्येक घटक पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांत असावा लागतो. पेटंट कायद्याचे कलम ३(पी) मात्र पारंपरिक ज्ञानास, अथवा परंपरेने ज्ञात घटकांच्या ज्ञात गुणधर्मांच्या एकत्रीकरणास, शोध मानत नाही; कलम ३(ई) नुसत्या मिश्रणास नाकारते. म्हणजे जो गुण परवाना मिळवून देतो तोच पेटंटाच्या आड येतो. घटकांच्या पृथक् गुणांच्या बेरजेहून अधिक परिणाम प्रयोगाने दाखवता आला, किंवा कल्पनेची नवी प्रक्रिया सिद्ध करता आली, तरच पुढे जावे. लघुउद्योग म्हणून नोंद असलेल्या फार्मसीला नमुना १८-अ भरून भारतातच त्वरित परीक्षण मागता येते. तेथे दावा मान्य झाल्यास जपानचा मार्ग विचारात घ्यावा. त्या वेळच्या अटी पेटंट एजंटाकडून तपासून घ्याव्यात.

प्रसिद्धीबाबत तर फारच सावध राहावे. अर्जापूर्वी योग छापला की नावीन्य संपते. विद्वत्सभेत निबंध वाचल्यास भारतीय कायदा बारा महिन्यांची मर्यादित सवलत देतो. युरोपात तिचा उपयोग नाही. उलट, आपणास पेटंट नको पण इतरांनीही ते घेऊ नये अशी इच्छा असेल, तर घटक, मात्रा, अनुपान व अधिकार यांसह दिनांकित प्रकाशन करणे हाच उपाय. कोणता मार्ग धरायचा हे परिषदेच्या व्यासपीठावर जाण्यापूर्वी ठरवावे, नंतर नव्हे.

परीक्षण त्वरेने झाले की हरकत घेण्याचा अवधी आक्रसतो, ही गोष्ट आपल्या संघटनेत फारशी चर्चिली गेलेली नाही. भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पेटंट दिले जात नाही, आणि ते दिले जाईपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. समाजात मौखिक रूपाने असलेले ज्ञानही त्यासाठी आधार होऊ शकते. २०२४ च्या नियमांनुसार त्यास शुल्क व प्राथमिक छाननी लागू झाली आहे. पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी संकेतस्थळावर विनामूल्य प्रसिद्ध होते. प्रत्येक जिल्हा शाखेने द्रव्यगुणाचा अभ्यास असलेल्या एका सभासदाकडे हे वाचन सोपवावे, आणि वनस्पतिजन्य औषधांचे अर्ज आढळल्यास त्यांचे क्रमांक शाखेच्या मासिक सभेत वाचून दाखवावेत.